चार्ट गुरुवारी लाव

वाचकाचं पत्र

काकू, नमस्कार. मी बुधगावची. सांगलीत विश्रामबागच्या बाजूला एका मोठ्या साखळी दुकानात आठ वर्षं काम करते. कॅशवर लागले, मग हेड कॅशिअर झाले आणि गेल्या दिवाळीनंतर मला डिपार्टमेंट मॅनेजर केलं. किराणा आणि बिलिंग दोन्ही माझ्याकडं आहे. हाताखाली २२ जण, त्यातले ९ कॉन्ट्रॅक्टवरचे. पाच महिन्यांत सहा जण सोडून गेले. आमचे एसएम, म्हणजे स्टोअर मॅनेजर, म्हणतात, रिटेलमध्ये हे चालायचंच, बारावी झालेली पोरं रोज गेटवर बायोडाटा घेऊन उभी असतात.

मागच्या महिन्यात एचआरनं मोबाइलवर सर्व्हे घेतला, आपल्या विभागात लोक किती समाधानी आहेत याचा. स्टोअरमधल्या सगळ्या डिपार्टमेंटांत माझा नंबर शेवटचा आला. नाव न लिहिता कुणीतरी शेरा दिला होता, 'मॅडम आधी आमच्यातल्या होत्या.' त्यानंतर दोन रात्री मला झोप नाही. पगार ठरवणं माझ्या हातात नाही, माणसं वाढवणं माझ्या हातात नाही. कुणाची ड्युटी कधी, ऑफ कधी, याचा चार्ट मी शनिवारी रात्री ग्रुपवर टाकते. एरिया मॅनेजरची व्हिजिट लागली की रात्री दहाला निरोप येतो, मग लोकांचे ऑफ कॅन्सल करावे लागतात. गेल्या महिन्यात एका मुलीच्या कॅशला ८६० रुपये शॉर्ट आले. ते तिच्या पगारातून कापले गेले, आणि सकाळच्या ब्रीफिंगमध्ये मी तिला सगळ्यांसमोर बोलले. पुढच्या आठवड्यात ती गेली. मी वाईट आहे का हो काकू? सगळा दोष माझा कसा? परत कॅशवर जाऊ का?

— तुमची एक वाचक

उत्तर

पोरी,

त्या शेऱ्यापासूनच सुरुवात करते, कारण तुझी झोप त्यानंच उडवलीय. हे लिहिणाऱ्यानं तुला नावं ठेवलेली नाहीत. ज्याच्याकडून कसलीच आशा नाही त्याच्याबद्दल माणूस सर्व्हेत 'ठीक' वर बोट ठेवतो आणि डबा खायला निघून जातो. इथं कुणीतरी आपल्या अर्ध्या तासाच्या सुट्टीतली दोन मिनिटं मोडून एक वाक्य लिहिलंय. तुला बढती मिळाली तेव्हा त्यांना आनंद झाला असणार. आपली एक वर गेली, आता आपलं कुणीतरी ऐकेल, असं वाटलं असणार. ते अजून वाट बघतायत, असा मी त्या वाक्याचा अर्थ लावते.

दोष कुणाचा, हे तू विचारलंस. पगार आणि माणसांची संख्या तुझ्या हातात नाही, त्याचा दोष अंगावर घेऊ नकोस. पण कॅशवर उभी होतीस ते दिवस आठव. 'कंपनी' म्हटल्यावर तुझ्या डोळ्यांपुढं काय यायचं? मुख्यालय तू पाहिलेलं नव्हतंस. तुझी कंपनी म्हणजे तुझा त्या वेळचा मॅनेजर. तो ऑफ कसा देतो, चूक झाली की कुठल्या आवाजात बोलतो, बाथरूमला जायचं असलं तर काउंटर कुणाकडं सोपवतो, एवढीच कंपनी तुला माहीत होती. आज त्या २२ जणांची कंपनी तू आहेस.

गॅलप नावाची अमेरिकेतली पाहणी संस्था लोकांचं कामात किती मन आहे याची मोजणी अनेक वर्षं करते आहे. २०१५ साली त्यांनी मांडलं, की टीम-टीममध्ये या बाबतीत जो फरक दिसतो त्यातला किमान ७० टक्के फरक मॅनेजरमुळं पडतो. परदेशातला आकडा आहे, पण तुझ्याच दुकानात त्याचा पडताळा आहे. कपड्यांच्या विभागाचा आणि तुझ्या विभागाचा पगार जवळपास सारखा असणार, छप्पर एक, एचआर एक, एसएम एक. तरी स्कोअर वेगळा आला. सहा जण तुझ्याकडून गेले. त्यामुळं 'रिटेलमध्ये हे चालायचंच' हे तुझ्या एसएमचं म्हणणं मला मान्य नाही. पगार कमी असल्यानं लोक रिटेल सोडतात हे खरं, पण ते शेजारच्या विभागातूनही सोडतील. तुझ्याकडून जास्त का गेले, याचं उत्तर तुझ्या पत्रातच आहे आणि ते तू स्वतःच्या हातानं लिहिलंयस: चार्ट शनिवारी रात्री, व्हिजिटचा निरोप रात्री दहाला, मग ऑफ कॅन्सल.

मी एकोणिसाव्या वर्षी सांगलीच्या कापड पेठेत एका साड्यांच्या दुकानात लागले. दिवसभर उभं राहायचं, गिऱ्हाईक नसलं तरी बसायचं नाही. आमच्यात वयानं मोठी एक बाई होती. दुपारी तीनच्या सुमाराला ती मालकाला ऐकू जाईल अशा आवाजात मला म्हणायची, 'जा गं, मागं जाऊन नवीन गठ्ठे मोजून ये.' मागं मोजायला काही नसायचं. मी दहा मिनिटं गठ्ठ्यावर बसून पाय सोडायची आणि परत यायची. तिच्याकडं ना पद होतं ना पगार वाढवायची ताकद. तिच्या हातात माझी दहा मिनिटं होती, ती तिनं मला दिली. तुझ्या हातातही लोकांचा वेळच आहे, आणि तुझ्या एका कागदावर तो २२ जणांचा आहे.

पुढं मी स्वतः पुण्यात एका मोठ्या साखळी दुकानात फ्लोअर मॅनेजर झाले, आणि तिथं मी जे केलं ते तुला सांगायलाच हवं. दिवाळीच्या आधीचा आठवडा होता. एका मुलीनं महिनाभर आधी मंगळवारचा ऑफ मागून घेतला होता, मुलाचं जावळ होतं. मी हो म्हटलं होतं. सोमवारी रात्री साडेनऊला वरून निरोप आला, उद्या साहेब येणार, फ्लोअर भरलेला दिसला पाहिजे. मी तिला फोन करून ऑफ रद्द केला. ती आली. साहेब आलेच नाहीत. संध्याकाळी पंच करून जाताना ती माझ्याजवळ आली आणि अगदी शांतपणे म्हणाली, 'मॅडम, पुढच्या वेळी सुट्टी देऊच नका. तुम्ही दिली की मी घरी सांगून बसते.'

ती पाहुण्यांना बोलावून बसली होती. सासूनं स्वयंपाक केला होता. माझ्या एका फोननं ती घरातल्या सगळ्यांसमोर खोटी पडली. त्या दिवशी मला कळलं, की सुट्टी नाकारल्याचं दुःख माणूस गिळतं, पण दिलेली सुट्टी काढून घेतल्यावर त्याचा आपल्या शब्दावरचा विश्वास जातो. त्यानंतर आपण ब्रीफिंगमध्ये काहीही चांगलं बोललो तरी ते ऐकलं जात नाही. त्या मुलीनं चार महिन्यांनी नोकरी सोडली. कारणाच्या रकान्यात 'घरगुती अडचण' लिहिलं. तुझ्याही सहा जणांच्या कागदावर असलंच काहीतरी असेल.

म्हणून पहिलं काम चार्टचं. या गुरुवारी पुढच्या दोन आठवड्यांचा चार्ट लाव. ग्रुपवर टाकच, पण छापून पंचिंग मशीनजवळही चिकटव, कारण कॉन्ट्रॅक्टवरच्या सगळ्यांकडं रोज नेट असतंच असं नाही. पहिल्यांदा बसशील तेव्हा तीन तास लागतील, कदाचित घरी घेऊन जावं लागेल. करण्याआधी प्रत्येकाला एकच प्रश्न विचार: तुझ्यासाठी कुठली वेळ अगदी नको? सगळ्या इच्छा विचारू नकोस, तेवढ्या पुऱ्या करता येणार नाहीत. एकीला संध्याकाळी सहानंतर नको असेल, कारण घरी म्हशीची धार तिच्याशिवाय कुणी काढत नाही. एखादा मुलगा बाहेरून बीए करतोय, त्याला परीक्षेचा आठवडा नको. कुणाची शेवटची गाडी चुकते. तू बुधगावहून येतेस, शेवटच्या गाडीचं तुला मी काय सांगायचं. हे सगळं एका वहीत लिहून ठेव, आणि चार्ट करताना ती वही समोर असू दे.

महिन्याचे पहिले दहा दिवस पगाराची गर्दी असते, सणाचा आठवडा असतो, तेव्हा शनिवार-रविवार ऑफ मिळणार नाहीत, हे आधीच तारखांसकट सांगून टाक. लोक ते समजून घेतात. त्यांनाही गर्दी दिसतेच. आणि ऐनवेळच्या निरोपासाठी प्रत्येक आठवड्यात दोन नावं आधीच 'राखीव' म्हणून लिही, पाळीपाळीनं. राखीव असलेल्याला माहीत असेल की या आठवड्यात आपल्याला बोलावलं जाऊ शकतं, तो घरी तसं सांगून ठेवेल. बदल्यात पुढच्या आठवड्याचा ऑफ त्यानं स्वतः निवडायचा. आपापसात शिफ्ट बदलायची असेल तर दोघांनी मिळून तुला एक मेसेज करावा, एवढंच. त्यात तुझी परवानगी अडकवू नकोस.

एवढं करूनही एखादा ऑफ मोडावा लागलाच तर ग्रुपवर लिहू नकोस. फोन कर, आणि त्याच फोनमध्ये बदली ऑफची तारीख सांग. 'बघू नंतर' म्हणू नकोस. दुकान वर्षाचे ३६५ दिवस उघडं ठेवायची मुभा महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानं दिली, ती याच अटीवर की प्रत्येक कामगाराला आठवड्यातून सलग २४ तासांची सुट्टी मिळाली पाहिजे. जादा कामाचे पैसे दुप्पट दरानं. वर्षाला ८ किरकोळ रजा आणि ८ पगारी सणाच्या सुट्ट्या आहेत, त्यांत २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर हे चार दिवस ठरलेलेच. हे तुझ्या कॉन्ट्रॅक्टवरच्या ९ जणांनाही लागू आहे. तू मॅनेजर झालीस तेव्हा तुला प्लॅनोग्राम, म्हणजे कुठला माल कुठल्या फळीवर मांडायचा तो नकाशा, शिकवला असेल, एक्सपायरी तपासायला शिकवलं असेल, हे बहुतेक कुणी शिकवलं नसेल.

अमेरिकेत गॅप या कपड्यांच्या साखळीच्या शिकागो आणि सॅन फ्रान्सिस्कोतल्या २८ दुकानांत २०१५ च्या शेवटापासून ३५ आठवडे एक प्रयोग झाला. जोन विल्यम्स, सुझन लॅम्बर्ट आणि सरवणन केसवन या अभ्यासकांनी तो केला. चार्ट दोन आठवडे आधी लावायचा, ऐनवेळी बोलावण्याची ड्युटी बंद, शिफ्टच्या वेळा शक्यतो रोज सारख्या, अदलाबदल लोकांनी मोबाइलवर आपसात करायची, असं त्यात होतं. कंपनीला धास्ती होती की विक्रीवर परिणाम होईल. झालाच, पण उलटा: ज्या दुकानांत पूर्ण प्रयोग राबवला तिथली विक्री ७ टक्क्यांनी वाढली. जुनी, माल ओळखणारी माणसं टिकली की विक्री वाढते, हे कापड पेठेतला कुठलाही शेटजी तुला सांगेल.

त्या अभ्यासातली दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. ऐनवेळचे बदल गिऱ्हाइकांच्या गर्दीमुळं करावे लागतात, असं सगळे धरून चालतात. अभ्यासकांना दिसलं की बराचसा गोंधळ मुख्यालयातूनच खाली येतो. मालाची गाडी सांगितलेल्या दिवशी येत नाही, ऑफर शेवटच्या क्षणी बदलते, वरच्या साहेबांची भेट अचानक ठरते. तुझ्या पत्रातली व्हिजिट मला तिथं भेटली. तेव्हा तुझ्या रात्री दहाच्या निरोपाची मुळं तुझ्यात नाहीत, एवढं समाधान मान. पण तो निरोप जसाच्या तसा लोकांच्या घरात नेऊन टाकायचा की नाही, हे मात्र तुझ्याच हातात आहे.

आता ते ८६० रुपये. पत्र वाचताना मी इथं सगळ्यात जास्त वेळ थांबले.

तू स्वतः हेड कॅशिअर होतीस, म्हणून विचारते. शॉर्ट आलेली रक्कम एखाद्या बिलाएवढी वाटत नाही का? गिऱ्हाइकानं यूपीआयनं पैसे दिले आणि गर्दीत मुलीच्या बोटानं 'कॅश' दाबलं गेलं, तर ड्रॉवरमध्ये बरोब्बर तेवढेच पैसे कमी दिसतात. पैसे कुठं गेलेले नसतात, ते बँकेत यूपीआयच्या खात्यात जमा असतात. त्या दिवशीचं यूपीआय सेटलमेंट, म्हणजे बँकेत खरोखर जमा झालेली रक्कम, आणि मशीनवर नोंदलेली यूपीआयची बेरीज शेजारी ठेवलीस का? रद्द केलेलं बिल, परत घेतलेला माल, सुट्ट्या पैशांसाठी शेजारच्या काउंटरवर दिलेली नोट आणि परत न आलेली, हे पाहिलंस का? मला खात्री आहे की कॅशवर असताना तू हे सगळं पाहिलं असतंस. मॅनेजर झाल्यावर तुला ते पाहायला वेळ मिळाला नाही, किंवा शॉर्टेजवर मॅनेजर मऊ आहे असं एसएमना वाटू नये म्हणून तू ब्रीफिंगमध्येच बोललीस. खालून वर आलेल्या माणसाला हा मोह फार होतो. आपल्या जुन्या मैत्रिणींना आपण सूट देतो असं कुणी म्हणू नये म्हणून तो त्यांच्याशीच जास्त कडक वागतो. मीही वागले आहे.

पगारातून कापायच्या आधी त्या माणसाला आपली बाजू मांडायची संधी दिलीच पाहिजे, हा कायदा आहे. पण कायदा बाजूला ठेव. उद्या कामावर गेलीस की आधी अकाउंट्सकडून त्या तारखेचा यूपीआयचा रिपोर्ट काढून घे. ८६० सापडले, तर ते पैसे तिच्या हिशेबात परत जमा करायला लाव, तिला फोन करून सांग, आणि ज्या ब्रीफिंगमध्ये तू तिला बोललीस त्याच ब्रीफिंगमध्ये उभं राहून सांग की चूक नोंदीची होती, तिची नव्हती. तुझा आवाज कापेल. कापू दे. नाही सापडले, तरी एवढं सांग की मी सगळ्यांसमोर बोलायला नको होतं, इथून पुढं शॉर्टेजबद्दल मी दार लावून एकटीशी बोलेन, आणि आधी दोघी मिळून नोंदी बघू. त्या ब्रीफिंगला जे २१ जण उभे होते, त्यांनी तेव्हा मनात ठरवलं की चूक झाली तर मॅडमपासून लपवायची. लपवलेली शॉर्ट दुसऱ्या दिवशी दुप्पट होऊन येते, हे तुला माहीत आहे.

उभं राहण्याचा विषय निघालाच आहे तर, तुझ्या बिलिंगला स्टूल आहेत का? केरळात कोळिकोडच्या कापड दुकानांतल्या बायकांना दिवसभर बसू देत नसत, लघवीला जायचीही चोरी होती. पी. विजी या शिवणकाम करणाऱ्या बाईंनी त्यांना एकत्र केलं, त्या बायका वर्षानुवर्षं झगडल्या आणि २०१८ साली केरळनं दुकानांच्या कायद्यातच बसण्याची सोय घातली. २०२१ मध्ये तमिळनाडूनंही तेच केलं. तुला मोर्चा काढायचा नाही. गर्दी नसताना बसायला चार काउंटरमागं दोन स्टूल, एवढं एसएमकडं लेखी माग. ते येईपर्यंत दर दोन तासांनी दहा मिनिटं काउंटर स्वतः सांभाळ आणि मुलीला मागं पाठव. मॅडम स्वतः बिलिंगला उभ्या राहिल्या, हे आठ दिवसांत सगळ्या स्टोअरला कळेल.

रात्रीचंही बघ. बाईमाणसाला रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत तिच्या संमतीशिवाय कामाला लावता येत नाही, आणि लावलंच तर तिच्या सुरक्षिततेची आणि घराच्या दारापर्यंत सोडायची जबाबदारी दुकानाची. तुमचं क्लोजिंग दहाला होत असेल, कॅश टॅली करून निघेपर्यंत साडेदहा. त्या मुली घरी कशा जातात, हे तुला नावानिशी सांगता येतं का? नसेल तर हे सर्व्हेच्या आधी कर, चार्टच्याही आधी कर. यात थांबण्यासारखं काही नाही.

माझी भाची २०१९ मध्ये सांगलीतच एका दुकानात होती. ऑगस्टमध्ये पूर आला, आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, धोक्याची पातळी ४५ ची. तिचं घर पाण्यात, सगळे एका शाळेत. तिच्या मॅनेजरचा फोन आला, तेव्हा तिला वाटलं की कधी येणार हेच विचारणार. त्यानं विचारलं, किती माणसं आहात, आजीच्या गोळ्या आहेत का, सुकं काय लागतंय. दुकानाचं नाव त्यानं काढलंच नाही. पुढं त्यानं नोकरी बदलली तेव्हा भाचीसकट आणखी चार जण त्याच्या पाठोपाठ गेले. आजीच्या गोळ्या चालू आहेत हे त्याला आधीपासून ठाऊक होतं, म्हणून तो विचारू शकला. तुझ्या त्या वहीचा उपयोग चार्टपुरता नाही, तो असा आहे.

कॉन्ट्रॅक्टवरच्या ९ जणांबद्दल तू पत्रात एक आकडा लिहून पुढं गेलीस. त्यांचा पगार, त्यांचा ठेकेदार तुझ्याकडं नाही हे खरं, पण चार्ट एकच ठेव. एक काम आजच कर: पाच महिन्यांचे जुने चार्ट काढ आणि प्रत्येकाच्या नावापुढं रविवारचे ऑफ मोज. परमनंट किती, कॉन्ट्रॅक्ट किती, तुझ्याबरोबर आठ वर्षं असलेल्या किती, नवीन किती. बेरीज कुणाला दाखवू नकोस. तुला स्वतःला बघून कळेल की सर्व्हेत शेवटचा नंबर कशानं आला.

एसएमशी बोलायचं ते आकडे घेऊन बोल. 'लोक दुखावलेत' असं म्हटलंस तर ते 'चालायचंच' म्हणणार. सहा जण गेले त्यांच्या जागी आलेल्यांची पहिल्या महिन्यातली ताशी बिलं काढ, जुन्यांची काढ. नवीन मुलीला ताशी किती कमी बिलं होतात, शनिवारी संध्याकाळी रांग कुठपर्यंत जाते, ट्रॉली तशीच सोडून किती गिऱ्हाइकं निघून जातात, हे तुला रोज दिसतं. त्यांना ते एका कागदावर दाखव. त्यांच्याकडं एकच गोष्ट माग: व्हिजिटचा निरोप दोन दिवस आधी, आणि नाही जमला तर व्हिजिटच्या दिवशी चार्टवर असलेल्या माणसांवरच काम चालवायची मुभा. दहा मागण्या एकदम केल्यास तर एकही मिळणार नाही.

आणि टीमला खरं सांग. पगारवाढ माझ्या हातात नाही, मी वर सांगत राहीन, पण वचन देत नाही. चार्ट माझ्या हातात आहे, त्याची जबाबदारी माझी. 'वरून आलंय, मी काय करू' हे वाक्य पुढचे सहा महिने तोंडातून काढू नकोस. ते खरं असलं तरी ऐकणाऱ्याला एवढंच कळतं की मॅडमलाही कुणी विचारत नाही.

परत कॅशवर जाऊ नकोस. तू गेलीस तर त्या खुर्चीवर जो येईल त्याला कॅशवर उभं राहणं म्हणजे काय हे माहीत नसेल, आणि तुझ्या मैत्रिणी पुन्हा त्याच जागी असतील. तू वाईट नाहीस. वाईट मॅनेजरला शेवटच्या नंबरामुळं झोप येत नाही असं मी पाहिलेलं नाही. सहा महिने हे मनापासून करून बघ. एवढं करूनही एसएम दर आठवड्याला तुझा चार्ट मोडत राहिले तर बदली माग. कोल्हापूर, मिरज, कुठंही. तिथं जाताना ती वही बरोबर ने.

शेवटचं एक काम राहिलं. ती ८६० वाली मुलगी वेगळी, बाकीच्या पाच जणांपैकी ज्या एकीशी तुझं जास्त जमायचं तिला फोन कर. परत ये म्हणू नकोस. फक्त विचार, काय झालं होतं गं, आणि ती बोलेल तेवढा वेळ मधे बोलू नकोस. ती आता दुसरीकडं कामाला असेल, तेव्हा तिची शिफ्ट कधी सुटते ते आधी कुणाकडून तरी माहीत करून घे आणि त्यानंतरच फोन लाव.

तुझी,
काकू